उधार बंद

सिडकोत चौथ्या स्कीमला आमची खोली,
दहा बाय अकरा.
अकरावा फूट दाराच्या उघडमिटीत जातो.

सासऱ्यांचं दिलखुश सलून रस्तारुंदीत गेलं
तेव्हा टेम्पोत दोन आरसे चढले.
एक पोचला.
दुसरा सातपूरच्या गतिरोधकावर...
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

पोचला तो सहा फुटी,
कोपऱ्यात लाल अक्षरं: उधार बंद.
मी ब्लेड घेऊन गेले, तर म्हणाले,
‘आतून लिहिलंय ते. निघायचं नाही.’

मी आधीच बरंच करून बसले होते.
भिंतींना ताकाचा रंग.
पडद्याचा दांडा खिडकीवर हातभर, पार छताशी,
म्हणजे खिडकी उंच वाटते म्हणे.
पलंगाच्या पोटात गहू, गाद्या, प्रांजलची जुनी दप्तरं.
लोखंडी कपाट दारामागे, तोंड लपवून.
तरी संध्याकाळी चौघं जमलो
की एकानं वाकायचं
तर दुसऱ्यानं आधी पलंगावर चढायचं.

सासरे नुसते हसायचे.
चाळीस वर्षं सहा बाय आठात
त्यांनी दरबार भरवला होता.
‘समोरासमोर दोन आरसे लावायचे.
एक गिऱ्हाईक बसलं तरी
रांगेतला शेवटचा माणूस दिसत नाही.’
मग एकदम गप्प. बोटं मोजल्यासारखी करत.

आता एकच होता, आणि त्यावरून भांडण.
मी म्हटलं, खिडकीसमोर, उजेड दुप्पट होईल.
ते म्हणाले, दारासमोर,
आलेला माणूस पाठमोऱ्यालाही कळला पाहिजे.
दोन दिवस आरसा भिंतीला टेकून,
आमची नुसती पावलं दाखवत.
सोपाननं कंपनीतून ड्रिल आणलेलं रविवारपुरतं,
सोमवारी पहिल्या पाळीला परत करायचं.
त्याला वाद नको होता, भोकं पाडायची होती.
खिडकी जिंकली.

आणि ओट्याशेजारी पांडवलेण्याचा डोंगर आला.
तसा तो खिडकीत होताच की,
अकरा वर्षं, माझ्या पाठीमागे.
पोळी उलटता उलटता मान जराशी वळवली
तर अख्खा, डावा उजवीकडे झालेला,
पायथ्याशी हायवेच्या गाड्या
मुंबईला जायच्या त्या धुळ्याकडे निघालेल्या.
एक पोळी करपली.
कुणी काही म्हणालं नाही.

सासरे माझ्याकडे बघून कधी बोलत नसत.
मी सून म्हणून असेल असं मला वाटायचं.
परवा चहा गाळत होते,
ते खुर्चीत, आरशाकडे तोंड करून.
‘भारती,’ आरशातल्या मला म्हणाले,
‘आज फार दमलीस.’
चाळीस वर्षं माणसं त्यांनी अशीच बघितली,
गळ्याला कापड बांधलेली, समोर काचेत,
त्यांचा हात मात्र मागून डोक्यावर.
मी आरशातच मान हलवली.
हो म्हणायला तिथे जागा होती.

प्रांजलनं टेप लावून हिशेब काढला:
आतली दहा, बाहेरची दहा,
म्हणजे आपला हॉल वीस बाय अकरा.
घरपट्टी जुन्याच मापानं आली.
निम्मं घर उधारीवर चाललंय,
खाली लाल अक्षरांत काही का लिहिलेलं असेना.

रात्री नऊला ते उठतात.
शटर ओढायची वेळ.
जुना पेपर पाण्यात बुडवून, पिळून
आरसा पुसतात, वरून खाली,
अक्षरांपाशी जरा हलक्या हातानं.
आणि मग सवयीनं गर्रकन वळतात,
ओला कागद हातात धरून,
दुसऱ्या आरशाकडे.

तिथे खिडकी असते.
क्षणभर थांबतात,
आणि तीही पुसून घेतात.